रोजच्या कामासाठी सायकल : आपले अनुभव लिहावेत

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळाच्या आठवणी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. परंतु आजही दूध, भाजी, शाळा आणि नोकरी यांसाठी जे सायकलच वापरतात, त्यांचे म्हणणे क्वचितच कोणी विचारते. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हाही चर्चा झाली ती प्रामुख्याने खर्चाची. म्हणून व्यायामाच्या किंवा लांब पल्ल्याच्या सफरींविषयी नव्हे, तर रोजच्या फेऱ्यांविषयी लिहावे, ही विनंती. रस्ता कोणता, अडचण नेमकी कुठे येते आणि सायकल ठेवता कुठे, हे आवर्जून सांगावे. पुण्याबाहेरच्या अनुभवांचेही स्वागत आहे.

धनकवडी, पुणे
मी सातारा रस्त्याने स्वारगेटला कामावर जाते. सकाळी उतार असल्याने पायडल फारसे मारावे लागत नाही. संध्याकाळचा चढ मात्र दमवतो. रस्त्याच्या कडेने सायकल मार्ग आखलेला आहे, पण तो सलग नाही. एखाद्या गल्लीचे तोंड आले की मार्ग संपतो, कडेचा दगड चार बोटे वर आलेला असतो आणि उतरून सायकल उचलावी लागते. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून काही ठिकाणी खांब रोवले आहेत, ते इतके जवळजवळ की माझ्या सायकलचे हँडलच त्यांतून जात नाही. जिथे खांब मोडले आहेत, तिथून मोटारसायकली सर्रास येतात. अशा मार्गापेक्षा आतल्या गल्ल्या मला अधिक सुरक्षित वाटतात, कारण तिथे वाहने हळू चालतात. आराखडे करणाऱ्यांनी आधी या गल्ल्या एकमेकींना जोडाव्यात, असे मला मनापासून वाटते.

खडकी
माझी सारी नोकरी येथील दारूगोळा कारखान्यात झाली. सुटीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा असा लोंढा बाहेर पडे की मोटारींनाच थांबावे लागे. कॅरिअरला डबा, मागच्या चाकाला घासणारा दिव्याचा डायनामो आणि सायकलचा कर भरल्याचा बिल्ला, एवढा सरंजाम प्रत्येकाजवळ असे. अंधारात दिवा नसला किंवा कोणी डबलसीट दिसले, तर पोलीस हमखास अडवीत. माणसे आळशी झाली म्हणून सायकल सुटली, हे मला पटत नाही. लोक कामाच्या जागेपासून लांब राहायला गेले आणि घरोघरी स्कूटर आली. बोपोडीच्या बाजाराला मी अजूनही सायकलनेच जातो.

यवतमाळ जिल्हा
आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशी मलाही मिळाली. एसटीची वेळ शाळेशी जुळत नसे. सायकल आली आणि तो प्रश्न मिटला. आम्ही मुली घोळक्यानेच निघत असू, त्यामुळे घरचे निर्धास्त असत. काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये असा गच्च बसे की चाक फिरेनासे होई, मग काडीने चिखल काढत पुढे जावे लागे. सायकल देताना रस्ताही व्हायला हवा होता.

उट्रेख्ट, नेदरलँड्स
येथील मध्यवर्ती स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची सोय आहे आणि पहिले चोवीस तास काहीही पैसे पडत नाहीत. आपल्याकडचे पाहुणे येथील सपाट जमिनीला श्रेय देतात, परंतु १९७०च्या दशकात मोटारींखाली मुले दगावू लागली, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले होते, हे त्यांना ठाऊक नसते. मी मुलीला शाळेत सोडते, तेव्हा ती स्वतःच्या सायकलवर माझ्या उजव्या हाताला चालते आणि चौकातही आमचा मार्ग तुटत नाही. धनकवडीच्या भगिनींनी लिहिलेला कडेचा दगड मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

कोथरूड, पुणे
सायकल ठेवण्याविषयी लिहितो. आमच्या सोसायटीत मोटारींच्या जागा रंगाने आखल्या आहेत, सायकलींना मात्र जिन्याखालचा कोपरा मिळाला आहे आणि तिथे एक काढायची तर आधी चार हलवाव्या लागतात. बँकेत किंवा दवाखान्यात गेल्यास रखवालदार सायकल फाटकाबाहेर लावायला सांगतो, आणि तिथे कुलूप अडकवण्यासाठी साधी लोखंडी दांडीही नसते. सर्वसाधारण सभेत मी भिंतीलगत अशी दांडी बसवण्याचा विषय मांडणार आहे. ज्यांच्या सोसायटीत हे झाले आहे, त्यांनी जागा किती लागली आणि खर्च किती आला, ते कृपया लिहावे.