जाड ओंडक्याला कुऱ्हाड की घण-पाचर?

सड्यावरचा:
पावसाळ्याच्या बेगमीचं सरपण फोडायला घेतलं की आमच्या वाडीत दरवर्षी हा वाद निघतो. माझं मत स्पष्ट आहे. वीतभरापेक्षा जाड ओंडक्याला कुऱ्हाड लावूच नये, सरळ घण-पाचर घ्यावी. झाड तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ. ते खोल घुसतं, पण लाकूड बाजूला सारत नाही. मग रुतून बसतं आणि ते उपसण्यातच जीव निम्मा होतो. पाचर आधी हलक्या हाताने ठोकून उभी करायची, मग घणाचे घाव. साठी उलटलेला माणूसही आपल्या बेताने फोडू शकतो.

खडकमाळ:
अजिबात पटलं नाही. गाडीभर लाकूड पडलं असताना पाचरी ठोकत कोण बसणार? कुऱ्हाड रुतते ती मधोमध घाव घालणाऱ्यांची. वाळताना ओंडक्याला भेगा पडतात, त्या बघा आणि भेगेच्या रेषेत, काठाजवळ घाव घाला. ओंडका फारच मोठा असेल तर कडेकडेने ढलप्या काढत आत जायचं. आणि वजनाचं म्हणाल तर हलकी कुऱ्हाड वेगाने येते. वेग दुप्पट झाला की घावाची ऊर्जा चौपट होते, वजन दुप्पट केलं तर फक्त दुप्पट.

सड्यावरचा:
गणित बरोबर आहे, पण लाकूड फाटायला आडवा रेटा लागतो आणि तो पात्याच्या जाडीतून येतो. म्हणून तर फोडायची कुऱ्हाड वेगळी असते, गालांना फुगीर आणि अडीच-तीन किलोची. चांगल्या लोहाराकडून करून घेता येते. तरीही बाभळीचं बेचकं तिला दाद देत नाही. तिथे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, भेगेची रेषच सापडत नाही. तुमची कडेची युक्ती तिथे चालवून दाखवा.

अंगणवेल:
तुम्ही दोघं हत्यारावरच अडलात. लाकूड तोडल्या तोडल्या फोडा ना! निलगिरी ओली असताना फुटते, वाळली की तिचे पिळदार तंतू घामटं काढतात. शिवाय साल ओल अडवून धरते, त्यामुळे फोडलेलं लाकूड अख्ख्या ओंडक्यापेक्षा लवकर वाळतं. चुलीत धूर नको असेल तर लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली यायला हवी. धुरात आम्ही बायका बसतो, म्हणून हे मला हत्याराच्या आधीचं वाटतं.

खडकमाळ:
ताई, धुराचं शंभर टक्के मान्य. पण ओलं मिळालं तर फोडणार ना? आमच्या वाट्याला वादळात पडून वर्षभर तसंच राहिलेलं लाकूड येतं.

बंबवाला:
कुऱ्हाड रुतली तर तिच्याच पाठीवर घण घालावा. पाचर वेगळी कशाला? आणि दांडा सैल झाला तर रात्रभर पाण्यात ठेवायची, घट्ट बसते.

सड्यावरचा:
कृपा करून असं करू नका. कुऱ्हाडीचं नेढं पोकळ असतं, त्याच्या भिंती पातळ. घणाच्या माराने ते फाकतं आणि मग कुठलाच दांडा त्यात टिकत नाही. पाण्याने लाकूड फुगतं हे खरं, पण वाळल्यावर दांडा पुन्हा सैल होतो आणि भर घावात पातं निसटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. दांड्याच्या डोक्यात छोटी पाचर मारा, नाहीतर दांडाच बदला.

खडकमाळ:
यात मी सड्यावरच्यांच्या बाजूने. पण पाचरही निर्धोक नाही, हे त्यांनी सांगायला हवं होतं. घण खाऊन खाऊन तिचं डोकं फुलतं, कडा बाहेर वळतात आणि त्यांचे कपचे गोळीसारखे उडतात. कडा वळायला लागल्या की घासून काढाव्यात, आणि ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच. बेचक्याला तुमची पाचर, चला, मान्य. सरळ ओंडक्याला मात्र मी कुऱ्हाडच घेणार.

अंगणवेल:
आणि कुऱ्हाड घेतलीत तर खाली रुंद ठोकळा ठेवा. नेम चुकला तर पातं ठोकळ्यात जातं, नडगीवर येत नाही.