मदत हवी आहे: दहावी भूमिती, बादलीच्या गणिताचं उत्तर जुळत नाही (तातडीचं)

धायरीची_आई
कोणीतरी लवकर सांगा. मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड. उद्या क्लासमध्ये महत्त्वमापनाची चाचणी आहे. बादलीच्या गणिताचं उत्तर मागे ३३६६ दिलंय, आमचं ४७५२ येतंय. तीन वेळा करून झालं. सूत्र पुस्तकात बघूनच लिहिलंय, त्यामुळे ते बरोबर आहे. साडेनऊ वाजून गेलेत आणि ती रडकुंडीला आलीय. कुठे चुकतंय?

रास्ता_पेठ
ताई, गणित काय आहे ते लिहिलंच नाहीत. नुसत्या दोन उत्तरांवरून काय सांगणार?

धायरीची_आई
बादलीचं म्हणाले ना. शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू. उंची २४, त्रिज्या २१ आणि १४.

गणितवेडा
एकदम सोपं आहे. घनफळ = १/३ × पाय (π) × उंची × (मोठ्या त्रिज्येचा वर्ग + लहान त्रिज्येचा वर्ग + दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार). कंसात ४४१ + १९६ + २९४ = ९३१. त्याला ८ ने आणि २२/७ ने गुणलं की २३४०८ घनसेमी, म्हणजे २३.४०८ लिटर. तुमचं आणि पुस्तकाचं, दोन्ही उत्तरं चूक आहेत.

धायरीची_आई
घनफळ विचारलेलंच नाही हो! पत्रा विचारलाय.

रास्ता_पेठ
हे आत्ता सांगताय. प्रश्न जसाच्या तसा टाका. आणि २४ ही लंब उंची की तिरकस?

कोंढव्याचे_बाबा
पायची किंमत बघा आधी. ३.१४ घ्यायचं की २२/७, हे प्रश्नात दिलेलं असतं आणि पोरं वाचत नाहीत. माझ्या मुलाचे सहामाहीत असेच गुण गेले. पोरांना प्रश्नाखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा.

रास्ता_पेठ
काका, पायमुळे इथे तीन-चार चौसेमीचा फरक पडेल. यांचा जवळजवळ चौदाशेचा आहे.

कोंढव्याचे_बाबा
फरक कितीही असो, सवय लागायला हवी.

धायरीची_आई
हा घ्या प्रश्न: "वरून उघडी असलेली बादली शंकूछेदाच्या आकाराची आहे. तिच्या वरच्या व खालच्या वर्तुळांच्या त्रिज्या २१ सेमी व १४ सेमी आणि उंची २४ सेमी आहे. ती बनवण्यासाठी किती पत्रा लागेल? (पाय = २२/७)" तिने एकूण पृष्ठफळाचं सूत्र वापरलंय.

रास्ता_पेठ
सापडलं. ४७५२ मधून ३३६६ वजा करा. १३८६ राहतात. २१ त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ बरोबर १३८६ आहे. म्हणजे मुलीने बादलीला झाकण बसवलंय. "वरून उघडी" हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे होते आणि तेच तुम्ही आधी सांगितले नाहीत.

पायऱ्या अशा: त्रिज्यांमधला फरक ७. तिरकस उंचीचा वर्ग = ५७६ + ४९ = ६२५, तिरकस उंची २५. वक्रपृष्ठफळ = २२/७ × २५ × (२१ + १४) = २७५०. तळ = २२/७ × १९६ = ६१६. बेरीज ३३६६ चौसेमी. एककही लिहायला सांगा.

शिकवणीवाली_मावशी
उत्तर मिळालं, छान. पण "सूत्र बरोबर आहे" हे जे सुरुवातीला लिहिलंत ना, तिथेच सगळं अडलं होतं. शंकूछेदाचं सूत्र मी पाठ करूनच घेत नाही. बादलीच्या कडा खाली वाढवत न्या, त्या एका टोकाला मिळतात. मोठ्या शंकूची उंची ७२, खालच्या कापलेल्या शंकूची ४८, कारण २१ : १४ म्हणजे ३ : २. तिरकस उंच्या ७५ आणि ५०. मोठ्याचं वक्रपृष्ठफळ पाय × १५७५, छोट्याचं पाय × ७००. वजा केलं की पाय × ८७५, म्हणजे तेच २७५०. मुलांना हे एकदा दिसलं की सूत्र विसरण्याची भीती जाते.

रास्ता_पेठ
मावशी, पटतं. पण रात्री दहा वाजता चाचणीच्या आदल्या दिवशी समरूप त्रिकोण कशाला? तिला पाठ आहे तेच राहू द्या.

शिकवणीवाली_मावशी
पाठ होतं म्हणूनच झाकण बसलं. तिने आकृती काढली होती का, हे विचारा.

पत्राकाम_भोसरी
मी तीस वर्षं पत्र्याचं काम केलं. मावशी म्हणतात तसंच आम्ही मारायचो. पत्र्यावर एकाच मध्यातून ७५ चा आणि ५० चा कंस मारायचा, १००.८ अंशाचा तुकडा कापायचा (२१ भागिले ७५, गुणिले ३६०), आणि गोल वळवायचा. बादलीचं अंग तयार. तळाची चकती वेगळी. फक्त ३३६६ मध्ये खरी बादली होत नाही बरं का. सांध्याला आणि तळाला घडी घालायला पत्रा ठेवावाच लागतो. मुलीला जाड कागदावर एकदा कापून बघायला सांगा, आयुष्यभर विसरणार नाही. पण आज नको, चाचणी झाल्यावर.

गणितवेडा
मघाशी घाई झाली, पुस्तकाचं उत्तर चूक म्हणालो ते मागे घेतो. पण घनफळावरून एक सांगतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) खड्ड्याचं माप काढायचा नियम आहे: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या मापांची बेरीज घेऊन आलेलं क्षेत्रफळ, हे तिन्ही मिळवून ६ ने भागायचं आणि खोलीने गुणायचं. या बादलीला लावून बघितलं: ४४१ + १९६ + १२२५ = १८६२, भागिले ६, गुणिले २४ = ७४४८. पायने गुणलं की तंतोतंत २३४०८! मला तर काटा आला अंगावर.

कोंढव्याचे_बाबा
वा! बरं, आमच्या सोसायटीची टाकी ३ मीटर बाय २ मीटर बाय दीड मीटर आहे. टँकरवाला १० हजार लिटर ओतल्याचं सांगतो. शक्य आहे का?

रास्ता_पेठ
९ घनमीटर, म्हणजे काठोकाठ ९००० लिटर. आत आधी पाणी असेल तर त्याहून कमी. वेगळा धागा काढा काका, सगळ्यांना उपयोग होईल.

धायरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. मघाशी चिडून लिहिलं, माफ करा. मावशी, आकृती काढलीच नव्हती. आत्ता काढली आणि तिचं तिलाच दिसलं की तंबूच्या गणितात (खाली वृत्तचिती, वर शंकू, कापड किती) पण तिने जमिनीला कापड लावलं होतं आणि मधल्या जोडावरही. दोन्ही वर्तुळं खोडली, उत्तर जुळलं. आता झोपवते तिला.