चंद्रकलांचा व्हिडिओ मुले मन लावून पाहतात, तरीही सावलीचा गैरसमज कायम राहतो, काय करावे?

प्रश्न : भूगोल शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

नमस्कार. मी इयत्ता सातवीला भूगोल शिकवते. ‘सूर्य, चंद्र व पृथ्वी’ या पाठासाठी मी वर्गातील टीव्हीवर चंद्रकलांचा एक मराठी व्हिडिओ दाखवला. तो साधारण बारा मिनिटांचा होता, निवेदन स्पष्ट होते आणि चित्रेही सुंदर होती. मुलांनी तो अजिबात गडबड न करता पाहिला आणि ‘समजले का?’ असे विचारल्यावर सर्वांनी एका सुरात होकार दिला. दुसऱ्या दिवशी मात्र ‘अष्टमीला चंद्र अर्धाच का दिसतो?’ या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहायला सांगितले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी ‘चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे लिहिले. चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेला असतो आणि त्यातला आपल्याकडे वळलेला भागच आपल्याला दिसतो, हे खरे कारण व्हिडिओत नीट सांगितलेले असूनही असे का व्हावे? तोच व्हिडिओ पुन्हा दाखवावा, दुसरा शोधावा, की व्हिडिओचा नाद सोडून फळ्यावरच शिकवावे?

उत्तर : विज्ञान शिक्षक, माध्यमिक शाळा

मॅडम, तोच व्हिडिओ त्याच पद्धतीने पुन्हा दाखवून फरक पडणार नाही, असे मला वाटते. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडी संशोधनात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंबाबत नेमके हेच पाहिले होते. ज्या व्हिडिओत केवळ बरोबर स्पष्टीकरण होते, तो विद्यार्थ्यांना सोपा आणि स्पष्ट वाटला, परंतु त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. आणि ज्यात चुकीची समजूत आधी उघडपणे मांडून तिच्यावर चर्चा केली होती, तो पाहताना विद्यार्थ्यांना अधिक डोके चालवावे लागले, पण ते शिकले जास्त. कारण उघड आहे. मुलाच्या मनात उत्तर आधीपासून तयार असते, आणि व्हिडिओ पाहताना त्या उत्तराला जे जुळते तेवढेच ते उचलते.

म्हणून व्हिडिओ लावण्यापूर्वी प्रत्येकाला वहीत आपले उत्तर आकृतीसह लिहायला लावा. त्यानंतर ‘सावली’ हे उत्तर फळ्यावर मांडून त्यालाच प्रश्न विचारा. शुक्ल अष्टमीला चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, त्यामुळे चार वाजता सूर्य पश्चिमेकडे आणि अर्धा चंद्र पूर्वेकडच्या आकाशात, असे दोघे एकाच वेळी दिसतात. दोघेही आपल्याला दिसत असतील, तर आपली पृथ्वी त्या दोघांच्या मध्ये येऊन सावली कशी पाडेल? या प्रश्नावर वर्ग अडला पाहिजे. तो अडला की मगच व्हिडिओ सुरू करावा.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक

पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी ही शालेय मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी संस्था सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले, तो काळ मी शाळेत अनुभवला आहे. कार्यक्रम चांगले असत. मात्र प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे, मध्येच थांबवण्याची सोय नव्हती आणि एखाद्याची शंका कार्यक्रम संपेपर्यंत विरून जाई. आज थांबवणे आपल्या हातात आहे आणि तरीही आपण बारा मिनिटे सलग दाखवतो, याची मला खंत वाटते. चंद्र पाव प्रदक्षिणा पुढे गेला की थांबवा, ‘आता पृथ्वीवरून तो कसा दिसेल ते काढा’ असे सांगा, मुलांच्या वह्या पाहा आणि मगच पुढे जा. निवेदनाचा आवाजही बंद ठेवावा, कारण निवेदकाने उत्तर देऊन टाकले की मुले विचार करणे सोडतात. मग बारा मिनिटांच्या व्हिडिओला पूर्ण तासिका लागेल, आणि ती लागू द्यावी.

उत्तर : शिक्षक प्रशिक्षक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण व्हिडिओतील चित्रेही तपासायला हवीत. पडद्यावर मावावेत म्हणून पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ चिकटून दाखवतात, आणि सावलीच्या गैरसमजाला तिथेच बळ मिळते. प्रत्यक्षात दोघांमधील अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे ३० पट आहे. वर्गात ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल, तर चंद्र मोसंबीएवढा घ्यावा लागेल आणि तो घेऊन एका मुलाला सुमारे ९ मीटर दूर, म्हणजे बहुधा व्हरांड्यात, उभे राहावे लागेल. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे त्या अंतरावर चंद्र पाऊण मीटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो. एवढे डोळ्यांनी पाहिले की दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे मुले स्वतःच सांगू लागतात.

आणखी एक गोष्ट अशी की परदेशी चित्रे वापरून केलेल्या व्हिडिओंत चंद्रकोर बहुधा उभी दिसते. आपल्याकडे मात्र ती बरेचदा होडीसारखी आडवी दिसते. मुलांनी विनायकी चतुर्थीची कोर आणि संकष्टीला रात्री उशिरा उगवणारा मोठा चंद्र पाहिलेला असतो, त्यामुळे आधी त्यांच्याकडूनच ते वर्णन घ्यावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एक अडचण उरते. हा पाठ जून-जुलैमध्ये येतो आणि तेव्हा आमच्याकडे आभाळ सतत भरलेले असते, त्यामुळे दुपारचा चंद्र दाखवता येत नाही.

उत्तर : विज्ञान शिक्षक, माध्यमिक शाळा

अडचण खरी आहे, आणि व्हिडिओची खरी गरज इथेच आहे. दिवाळीनंतर आकाश निरभ्र असताना शुक्ल अष्टमीच्या दुपारी मुलांना मैदानावर न्या. एका मुलाला पांढरा चेंडू उन्हात धरून हात चंद्राच्या दिशेने लांब करायला सांगा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसेल, तेवढाच चंद्राचाही दिसेल. चेंडू आणि चंद्र एकाच चौकटीत घेऊन मोबाइलवर एखाद्या मिनिटाचे चित्रण करा आणि ते पेन ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे इंटरनेटवाचून चालेल. यंदाच्या मुलांची समजूत त्या दुपारीच दुरुस्त होईल, आणि पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गाला आपल्याच शाळेच्या मैदानावरचा चंद्र दाखवता येईल. मात्र तेव्हाही आधी वहीत उत्तर लिहून घ्या.