मदत हवी आहे: दमट हवेत प्लास्टर आणि परतीचा विमानप्रवास

घोट्याजवळ नडगीचं हाड मोडलंय, पाय गुडघ्याखाली प्लास्टरमध्ये आहे. नोकरीमुळे विषुववृत्ताजवळच्या देशात एकटाच राहतो, आणि सध्या पावसाळा. हाड नीट जुळतंय असं डॉक्टर म्हणतात. खरा छळ घामाचा आहे. प्लास्टर फायबरग्लासचं, त्यामुळे वरून भिजलं तरी मऊ पडत नाही, पण आतला कापूस एकदा ओलावला की या हवेत वाळतच नाही. खाजेसाठी आत पट्टी किंवा सुई घालायची नाही हे माहीत आहे (मोह मात्र रोज होतो). हेअर ड्रायरची थंड हवा सोडतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कोणी आणखी काही करून पाहिलंय का?

कुबड्यांची रबरी टोकं ओल्या फरशीवर सटकतात. रुंद टोकं लावून फरक पडतो का?

घरचे म्हणतात, सरळ निघून ये. पण लांबच्या प्रवासात पाय हलला नाही की रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, म्हणून बिचकतोय. प्लास्टरसह असा विमानप्रवास केलेल्यांनी कृपया सांगावं: डॉक्टरांनी रक्त पातळ करायचं औषध दिलं होतं का? आणि विमान कंपनीने कोणते कागद मागितले?