‘सीरा’ या अरबी शब्दाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अंतर हा योद्धा कवी, बनू हिलाल ही अरब टोळी आणि इजिप्तचा सुलतान बैबर्स यांच्या दीर्घ अरबी वीरकथा मी सध्या इंग्रजी भाषांतरांतून वाचत आहे. या कथांना इंग्रजीत कोणी ‘रोमान्स’ म्हणतो, तर कोणी ‘एपिक’. अरबीत मात्र या सर्वांना ‘सीरा’ असे एकच नाव आहे. मराठीत त्यांच्याविषयी लिहिताना ‘महाकाव्य’ म्हणावे, ‘वीरगाथा’ म्हणावे, की ‘अद्भुतरम्य कथा’?

उत्तर : सुचवलेल्या तिन्ही शब्दांपेक्षा नेमका शब्द आपल्याजवळ आहे, असे मला वाटते. तो सांगण्याआधी इंग्रजी शब्दांचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण आपला गोंधळ तेथूनच आलेला आहे.

टेरिक हॅमिल्टन यांचे अंतरकथेचे इंग्रजी भाषांतर 1819-20 मध्ये चार खंडांत निघाले, आणि त्यांनी त्याच्या नावातच ‘रोमान्स’ हा शब्द घातला. त्या काळच्या इंग्रजी वाचकाला या शब्दाने मध्ययुगीन युरोपातील सरदारांच्या साहसकथा आठवत असत. प्रेमकथा हा त्याचा केवळ एक भाग होता. एडवर्ड लेन यांनीही 1836 च्या इजिप्तविषयक ग्रंथात हाच शब्द वापरला. पुढे 1995 मध्ये एम. सी. लायन्स यांनी या कथांचा तीन खंडांत अभ्यास मांडला, तेव्हा शीर्षकात ‘एपिक’ आला. पावणेदोनशे वर्षांत कथा त्याच राहिल्या, पण त्यांच्याकडे पाहण्याची इंग्रजी दृष्टी पालटली. मराठीत ‘रोमान्स’ शब्द आता प्रणयापुरताच उरल्यामुळे तो येथे निरुपयोगी आहे. ‘महाकाव्य’ म्हणताच वाचकाच्या मनात सर्गबद्ध पद्यरचना उभी राहते. परंतु अंतर, बैबर्स किंवा जातुल-हिम्मा ही योद्धा स्त्री यांच्या सीरा मुख्यतः गद्यात आहेत, त्या गद्यात अधूनमधून यमके जुळतात आणि प्रसंगविशेषी पात्रे कवितेत बोलू लागतात. बनू हिलालची सीरा इजिप्तमध्ये पद्यात गायली जाते, पण तो अपवाद आहे. ‘गाथा’ शब्दातही मराठी कानाला पद्यच ऐकू येते.

आता मूळ शब्दाकडे वळू. ‘सीरा’ हा शब्द चालणे, प्रवास करणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेला आहे. आपण ‘सैर’ करायला जातो तो शब्दही त्याच धातूचा, फारसीमार्गे मराठीत आलेला. चालण्यावरून चालण्याची रीत, त्यावरून वागणूक आणि त्यावरून एखाद्याच्या आयुष्याचा वृत्तांत, असा ‘सीरा’चा अर्थविस्तार झाला. इब्न इसहाक यांनी आठव्या शतकात रचलेले आणि इब्न हिशाम यांच्या संस्करणातून आपल्यापर्यंत आलेले प्रेषित महंमदांचे चरित्र हेही सीराच. वीरकथा त्यापासून वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून आधुनिक अरब अभ्यासक त्यांना ‘लोकांमधली’ अशा अर्थाचे विशेषण लावतात.

अगदी हाच प्रवास आपल्याकडे ‘चर्’ धातूने केलेला आहे. चर् म्हणजे चालणे, फिरणे. त्यावरून आचार, चरित, चरित्र. ‘बुद्धचरित’ आणि ‘हर्षचरित’ ही नावे संस्कृतात आहेत, ‘लीळाचरित्र’ मराठीत आहे. दोन परस्परभिन्न कुळांतील भाषांनी पावलांपासून आयुष्याच्या कथेपर्यंत एकाच वाटेने जावे, याचा मला फार आनंद वाटतो. शिवाय ‘चरित’ गद्याला चालते आणि पद्यालाही. म्हणून ‘अंतरचरित’, ‘बैबर्सचरित’ असे लिहावे. ‘चरित्र’ मात्र टाळावे, कारण आज त्यात पुराव्यानिशी लिहिलेल्या इतिहासाची अपेक्षा असते. अंतर, म्हणजेच अंतरा, हा सहाव्या शतकातील कवी खरा आणि बैबर्सने 1260 ते 1277 राज्य केले हेही खरे. पण त्यांच्या सीरा म्हणजे कथेकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलेली रचना आहे. ‘रावी (म्हणजे कथा सांगणारा) म्हणाला’ हे पालुपद त्यांत सतत येते, आणि अंतरकथा तर अस्मई या नामांकित भाषापंडिताच्या तोंडी घातलेली आहे.

भाषांतर वाचताना मराठी वाचकाने मूळ नावांकडेही लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. अरब आणि बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्य) यांच्या युद्धांवरील सीरेची नायिका फातिमा ‘जातुल-हिम्मा’ या उपाधीने ओळखली जाते. मेलनी मॅगिडो यांनी 2021 मध्ये त्या सीरेतील निवडक भाग इंग्रजीत आणला, तेव्हा शीर्षकात तिची योद्धा स्त्री म्हणून ओळख करून द्यावी लागली. आपल्याला ‘हिम्मा’ ऐकताच ‘हिंमत’ आठवते, आणि ती आठवण बरोबर आहे, कारण शब्द एकच आहे. फरक एवढाच, की अरबीत त्याचा रोख उच्च आकांक्षेकडे आणि निश्चयाकडे आहे, तर मराठीत तो धैर्याकडे वळला आहे.

पुरवणी शंका : बनू हिलालची सीरा गाणाऱ्याला इंग्रजीत ‘पोएट’ म्हटलेले दिसते. मराठीत ‘कवी’ म्हणणे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही, आणि येथे तर मराठीची बाजू इंग्रजीहून बळकट आहे. नाईलच्या खोऱ्यातील गावांत या गायकाला ‘शाइर’ म्हणतात. आपला ‘शाहीर’ हा तोच शब्द. या मराठी शब्दाने लोकांसमोर उभे राहून पराक्रम गाण्याचा अर्थ जपला आहे. ‘शायर’ लिहिले तर वाचक गझलेकडे जाईल. शाहिराच्या हाती डफ असतो आणि इजिप्तच्या शाइराच्या हाती गजाने वाजवायचा रबाब, एवढे एका वाक्यात सांगितले की गैरसमज उरत नाही.

मात्र हा शब्द सर्व सीरांच्या सादरकर्त्यांना सरसकट लावू नये. लेन यांनी कैरोत तीन वर्ग पाहिले होते. अबू जैदची, म्हणजे बनू हिलालची, कथा रबाबाच्या साथीने मुखोद्गत गाणारे सुमारे पन्नास शाइर होते. बैबर्सची कथा वाद्याविना तोंडपाठ सांगणारे तीसेक ‘मुहद्दिस’ होते. आणि अंतरकथा पुस्तकातून वाचणारे ‘अंतरी’ जेमतेम सहा. पहिले शाहीर आणि दुसरे कथेकरी, यात मला अडचण दिसत नाही. तिसऱ्यांसाठी एकच नाम शोधण्यापेक्षा ‘पोथी लावणारे’ असे म्हणावे. समोर ग्रंथ ठेवून, गद्य साधे वाचत आणि कविता आली की हेल काढून म्हणत चाललेले ते वाचन मराठी माणसाला त्या दोन शब्दांत लगेच कळेल.