पवित्र शुक्रवार: चार क्रूस ठेवले तर चालतील का?

वेदीसेवक_नवा: वसईकडच्या आमच्या चर्चमध्ये यंदा पवित्र शुक्रवारच्या (गुड फ्रायडे) दुपारी ३ च्या विधीची तयारी आमच्या गटाकडे आहे. साधारण १,२०० माणसं येतील. क्रूसवंदनाची (एकेक जण पुढे येऊन क्रुसाचं चुंबन घेतो, त्याची) रांग संपता संपत नाही, म्हणून चार क्रूस ठेवावेत असं काहींचं म्हणणं आहे. चालेल का? आणि आधी काय काय काढून ठेवायचं?

बावखल: नाही. वंदनाला क्रूस एकच, हा नियमच आहे. माणशी ३ सेकंद धरले तरी १,२०० जणांना तास लागतो, तेव्हा अडचण खरी आहे. क्रूस मोठा घ्या, किंचित तिरपा धरा आणि दोन्ही बाजूंनी एकेक माणूस येऊ द्या. वेळ निम्म्यावर येतो. धरायला दोघं, पुसायला एक. तरीही जमत नसेल तर सोय मिस्सा-ग्रंथातच, म्हणजे विधींच्या अधिकृत पुस्तकातच, दिली आहे: काही जणांचं वंदन झालं की फादर वेदीसमोर मधोमध उभे राहून क्रूस उंच धरतात आणि बाकीचे जागेवरूनच मौन वंदन करतात.

क्रूस झाकून आणणार असाल तर जांभळं कापड सैल बांधा. आधी वरचा भाग, मग उजवा हात, मग सगळा, असा तीन टप्प्यांत तो उघडायचा असतो. गाठ घट्ट बसली की फादर तिथेच अडकतात आणि गायकमंडळ ताटकळतं.

साक्रिस्तान६२: सगळ्यांत जास्त चूक होते ती ओस्तींच्या, म्हणजे कम्युनियनला देतात त्या पातळ भाकरींच्या, हिशेबात. लोक सवयीने ‘शुक्रवारची मिस्सा’ म्हणतात, पण त्या दिवशी मिस्सा (ज्यात ओस्ती पवित्र केल्या जातात तो विधी) नसतेच, त्यामुळे नवीन ओस्ती पवित्र करता येत नाहीत. शुक्रवारचे १,२०० आणि घरी असलेले आजारी, सगळे गुरुवारच्या मिस्सेतच धरा. कमी पडल्या तर तुकडे करण्यावाचून गत्यंतर नाही.

वेदी पूर्ण उघडी हवी: कापड, क्रूस, मेणबत्त्या काहीही नको. कापड, कॉर्पोरल (ओस्तीच्या पात्राखाली अंथरायचं लहान कापड) आणि ग्रंथ बाजूच्या टेबलावर ठेवा. कम्युनियनच्या आधी वेदीवर मांडायचे. वस्त्रं लाल. फादर सुरुवातीला जमिनीवर पालथे पडतात, तेवढी जागा मोकळी सोडा आणि माइकच्या वायरी आधीच हलवा. योहानलिखित दुःखसहनाच्या वाचनाला मेणबत्त्या नाहीत, धूपही नाही. क्रुसासोबत मात्र दोन पेटत्या मेणबत्त्या लागतात.

वेदीसेवक_नवा: आणि घंटा? शेवटी आशीर्वाद असतो ना?

बावखल: गुरुवारच्या मिस्सेतल्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीतानंतर घंटा बंद, त्या थेट पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री वाजतात. मधल्या काळात लाकडी खटखट चालते, गोव्यात तिला मात्राक म्हणतात. शेवटी नेहमीचा आशीर्वाद नसतो. फादर लोकांवर हात पसरून प्रार्थना म्हणतात आणि सगळे मुकाट्याने निघतात. सूचना द्यायच्या असतील तर विधी सुरू होण्याआधी द्या.

साक्रिस्तान६२: विधी आटोपल्यावर वेदी पुन्हा उघडी करा, क्रूस मात्र तिथेच राहू द्या. पास्काच्या जागरणापर्यंत त्याच्यासमोर गुडघा टेकायचा असतो; सेवकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर निम्मे नुसतं डोकं झुकवून पुढे जातात.