बातमीत न आलेलं युद्ध – तुमचे अनुभव लिहा

युद्धाच्या बातम्या आपण चहा पिता पिता बघतो, पण तिथे उभं राहून बातमी देणाऱ्या माणसाचं काय होतं हे फारसं कोणी विचारत नाही. तुम्ही स्वतः वार्तांकन केलं असेल, डेस्कवर असाल किंवा घरात असं कोणी असेल तर लिहा. छापून आलं ते नको, राहून गेलं ते सांगा.

निवृत्त वार्ताहर, नाशिक

१९९९ ला मी कारगिलला होतो. द्रासवरचं तोलोलिंग शिखर १३ जूनला परत मिळालं, तोपर्यंत श्रीनगर-लेह रस्ता पाकिस्तान्यांना वरून सरळ दिसायचा, त्यामुळे द्रासचा पट्टा रात्री हेडलाइट बंद करून पार करायचा, ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून कडा बघत गाडी हाणायचा आणि आम्ही मागे गप्प. द्रासला तोफखान्यात सातारा-सांगलीकडची पोरं भेटली, मराठी ऐकलं की धावत यायची. सगळ्यांचं एकच मागणं, साहेब श्रीनगरला गेलात की घरी फोन लावा, बरा आहे म्हणून सांगा. तेव्हा गावात फोन एखादाच, किराणा दुकानात नाहीतर सरपंचाकडे, म्हणून माझ्या वहीत नंबर, पुढे पीपी, म्हणजे फोन दुसऱ्याकडचा, आणि कोणाला बोलवायचं ते स्वतःच लिहायचे. दोन पानं भरली. श्रीनगरच्या एसटीडी बूथवर बसून एकेक नंबर लावला, पलीकडे कोणी पोरगं आईला बोलवायला पळायचं, इकडे मीटर पळायचा, पण फोन ठेववायचा नाही. एक नंबर मात्र लावला नाही. द्रासहून आलेल्या एकाने सांगितलं की त्या तोफेवर गोळा पडला. लष्कराने घरी कळवलंय की नाही माहीत नाही, आणि त्याआधी नाव फोडायचं नाही. बरा आहे असंही सांगता येईना.

माजी उपसंपादक, पुणे

अशा बातम्या मी रात्री फोनवर उतरवून घ्यायचो, लाइन कट व्हायची, परत लागायची. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान लवकर सुटायचं म्हणून शेवटचा परिच्छेद कापायचो, आणि माणसं नेमकी त्याच परिच्छेदात असायची. आज नसता कापला. काका, तो नंबर नंतर लावलात का?

ठाण्याहून

माझा नवरा कॅमेरामन. २०२२ ला युक्रेनमध्ये होता, पोलंडमधून ट्रेनने ल्विव्ह, मग कीव्ह. तिथे हवाई हल्ल्याचा इशारा देणारं अ‍ॅप आहे, आपला भाग निवडला की सायरन वाजतो. परत आल्यावर त्याने ते काढलंच नाही. एकदा जेवताना ओट्यावरचा फोन एकदम किंचाळला, मुलगी दचकली, माझ्या हातातली पळी पडली. तो उठला, कुठला भाग ते बघितलं, तिथल्या दुभाष्याला मेसेज टाकला आणि उत्तर येईपर्यंत ताटावर बसला नाही. आधी मी चिडायचे. आता मीच विचारते, आलं का उत्तर? गाडीही अजून तोंड गेटकडे करूनच लावतो, लगेच निघता यावं म्हणून.

मडगावहून

मी पत्रकारिता शिकवते. अँथनी मास्करेन्हास आमचे गोंयकार, जन्म बेळगावचा, नोकरी कराचीत. १९७१ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी लष्कराने निवडक पत्रकारांना पूर्व पाकिस्तान दाखवायला नेलं, त्यात हे होते, बाकीच्यांनी सांगितलं तसं छापलं. यांनी आधी बायको आणि पाच मुलांना बाहेर काढलं, मग स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटले, आणि १३ जूनला लंडनच्या संडे टाइम्समध्ये ‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार, एवढ्याच मथळ्याखाली तिथल्या कत्तलीचं सगळं छापून आलं. हा लेख मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. यंदा एका मुलीने विचारलं, मॅडम, त्या मुलांना शाळा सोडताना काय कारण सांगितलं असेल? इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

फ्रीलान्सर, संभाजीनगर

मे २०२५ ला पूंछमध्ये होतो. प्लेट घातलेलं बुलेटप्रूफ जॅकेट दहा किलोच्या आसपास भरतं, फ्रीलान्सरला ते आपल्या खिशातून भाड्याने आणावं लागतं, त्यावर रक्तगट लिहिलेला. गोळे थेट घरांवर पडत होते आणि ८ तारखेच्या रात्री फोनवर एका चॅनेलचा माणूस ओरडतोय की कराची बंदर उडवलं, तू पण काहीतरी मोठं दे. मागे स्टुडिओत सायरन लावलेले. कराचीचं ते सगळं खोटं निघालं. माझ्यासमोर एक घर होतं, छताला भोक, परातीत मळलेली कणीक वाळून भेगाळलेली, माणसं जम्मूकडे निघून गेलेली. तेवढंच शूट करून पाठवलं. त्यांनी लावलं नाही. परत बोलावलं तर परत तेच पाठवीन.

निवृत्त वार्ताहर, नाशिक

पुण्याच्या मित्रा, नाही लावला. वर्षभराने त्या पोराच्या गावीच गेलो. वडिलांना सांगितलं, जूनअखेर भेटलो होतो, तब्येत चांगली होती, मिशी वाढवली होती. त्यांनी वही बघायला मागितली. अक्षर त्याचंच, खाली ‘आईला बोलवा’ असं लिहिलेलं. ते पान मी त्यांना फाडून दिलं.